मेहुण्यांची चढाओढ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही — आणि ती माणसाच्या पोटातलं काढून घेण्यात पटाईत होती. मुलांना तर नाहीच. जिला खरं म्हणजे सांगायला हवं होतं, तिलाही नाही. तिच्याकडे मी शेवटी येईन. आधी यायची हिंमत होत नाही.

मध्यंतरी कुंभवलीजवळच्या एका कारखान्यात मला भाषणाला बोलावलं होतं. नोकरीची सगळी वर्षं मी माणसांकडून काम करून घेण्यात घालवली, त्यात माझं नाव झालं, म्हणून. विषय काय, तर कामगाराला कामाची गोडी कशी लावावी. शाल दिली, नारळ दिला. मी आपलं नेहमीचं बोललो — चार शब्द कौतुकाचे बोला, वेळेवर चहा द्या, माणसाला नावाने हाक मारा. टाळ्या पडल्या. मग मागच्या रांगेतला एक पोरगेलासा अधिकारी उठला आणि म्हणाला, साहेब, दोन गटांत चढाओढ लावली तर काम वाढतं का? मी म्हणालो, वाढतं. एवढंच म्हणालो आणि पाण्याचा पेला उचलला. निम्मं पाणी नव्या शालीवर सांडलं. लोकांना वाटलं, म्हातारा दमला.

वाढतं हो. किती वाढतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

साठ सालानंतरची गोष्ट. मी नुकता मॅट्रिक झालो होतो, पालघरचा, घरची परिस्थिती यथातथा. बोईसर स्टेशनाजवळ एका शेठची गवताची वखार होती, तिथे लागलो. आज कुणाला खरं वाटणार नाही, पण तेव्हा या भागातून मुंबईच्या तबेल्यांना गवत जायचं. पावसाळा सरला की डोंगराकडची वारली माणसं खाली यायची, बायकामुलांसकट, आणि उन्हाळ्यापर्यंत वखारीतच झोपड्या घालून राहायची. गवत कापायचं, वाळवायचं, आणि दाबून गाठी करायच्या. दाबायची पेटी म्हणजे जाड फळ्यांचा, माणसाच्या उंचीचा हौद. वरून गवत ओतायचं, दोघांनी आत उतरून ते पायांनी तुडवायचं, मग बाहेर यायचं. वर एक लाकडी झाकण, ते एका लांबलचक दांड्याला टांगलेलं. दांडा दोराने वर बांधून ठेवलेला असे. दोर सोडला की झाकण खाली येई, आणि चार गडी दांड्याच्या टोकाला लटकून ते दाबत. मग तारेने गाठ आवळायची. साधं काम. जीवघेणंही.

अशा दोन पेट्या होत्या, दोन टोळ्या होत्या. एकीचा पुढारी देवजी. दुसरीचा रूपजी. आणि रूपजीची बहीण लखमी ही देवजीची बायको.

बायको म्हणजे — लग्न लागायचं होतं. तुम्ही भुवया उंचावाल, मीही तेव्हा उंचावल्या होत्या. वारल्यांत त्याचं कुणाला काही वाटत नाही. दोघं एकत्र राहतात, संसार करतात, आणि गावाला जेवण घालण्याइतका तांदूळ जमला की सावकाश लग्न लावतात. तोवर ती बायकोच असते, तिला कुणी कमी लेखत नाही. देवजीचा तांदूळ बहुतेक जमला होता. पाड्यावरच्या झोपडीतल्या कणगीत ठेवलेला, शेणाने लिंपून बंद केलेला. येत्या फाल्गुनात लग्न लावायचं ठरलं होतं आणि रूपजी सगळ्यांना सांगत सुटला होता की, माजे बहिणीचे लग्नात मी पडंस्तवर नाचणार हाय.

मी मात्र काळजीत होतो. किनाऱ्याकडे तेव्हा मोठं बांधकाम निघालं होतं, रस्त्याने ट्रक धावायचे, माणसं तिकडे जायला लागली होती. शेठला धास्ती की आपली वखार ओस पडणार. वॅगनी भरून जायला हव्यात, म्हणजे हव्यात. गाठी वाढव, नाहीतर पालघरची वाट धर, असं त्याने मला सांगितलं. त्याची पद्धत जुनी होती — पहारेकऱ्याच्या हातात चिंचेची ओली फोक. काम थंडावलं की पाठीवर वळ. मीही एकदोघांच्या कानफटात मारली आहे, खोटं कशाला बोलू? माराने दुपारपर्यंत काम होई आणि संध्याकाळी पुन्हा तेच. शेठ म्हणायचा, "गवत दाबायचा असेल तर आधी माणूस दाब." मला ते रानटी वाटायचं. मी शिकलेला होतो ना!

म्हणून मी बक्षीस काढलं. ज्या टोळीच्या गाठी जास्त, तिला गुळाची ढेप आणि सातपाटीचे सुके बोंबील. पहिल्या दिवशी देवजीच्या टोळीने बाजी मारली. मी ऐटीत ढेप दिली. तर काय? दोन्ही टोळ्या आंब्याखाली जमल्या, ढेप दगडावर फोडली आणि सगळ्यांनी वाटून खाल्ली. बोंबीलही एकाच निखाऱ्यावर भाजले. दुसऱ्या दिवशी रूपजीची टोळी जिंकली. पुन्हा तेच. मग माझ्या लक्षात आलं की एका पेटीवरचे मागे पडले की दुसरीवरचे जरा हात आवरतात. मेहुण्याला शिव्या बसू नयेत म्हणून! जिंकायचं कुणी, हे ते आपसांत ठरवत होते. शेठ ओट्यावर बसून हे बघत होता आणि माझ्याकडे बघून दात काढत होता. मला त्याचा राग यायला हवा होता. मला त्यांचा आला.

त्या दिवशी मी ठरवलं — ठरवलं म्हणजे काय, नीट विचार करून, चहा पिता पिता — की यांच्यात काडी लावल्याशिवाय काम वाढणार नाही.

रूपजीला एका बाजूला घेतलं. म्हटलं, तुला म्हणून सांगतो. देवजी काय बोलला माहीत आहे का? म्हणाला, ज्यांच्या हाडात जोर नाही अशा घरच्या बाईशी लग्न कशाला लावायचं, राहते तशी राहू दे. रूपजीने विचारलं, "असा बोलला?" मी म्हटलं, बोलला, पण माझं नाव घेऊ नकोस, शेठ मला हाकलेल. त्याने मान हलवली. मग देवजीकडे गेलो. त्याला म्हटलं, रूपजी म्हणतो, लखमी काय तुझी बायको नाही, लग्न कुठे लागलंय? ढोरासारखी दावं सोडून आणीन आणि तुझ्याहून ताकदीच्या गड्याला देईन. त्यालाही हेच सांगितलं — माझं नाव घेऊ नकोस.

तुम्ही म्हणाल, दोघं एकमेकांना विचारतील की. मलाही तीच भीती होती. नाही विचारलं. असलं विचारायला तोंड उघडायचं म्हणजे स्वतःचीच लाज चव्हाट्यावर आणायची. आणि दुसरं — त्यांनी मला शब्द दिला होता. लिहिणारा माणूस कशाला खोटं बोलेल, असं त्यांना वाटायचं. मला ते मास्तर म्हणत. मी एक दिवससुद्धा कुणाला शिकवलं नव्हतं.

आणि काम? अहो, काम असं उसळलं की शेठ ओट्यावरून उठून उभा राहिला. देवजी पेटीत उतरला की गवत तुडवायचा ते असं, जणू खाली कुणाची छाती आहे. रूपजीची माणसं दांड्याला लटकताना ओरडायची, आणि ते ओरडणं ऐकून दुसऱ्या पेटीवरची जोर करायची. तळहात फाटले, दांड्यांवर रक्ताचे डाग. कुणी थांबेना. गाठींची चळत वखारीच्या कुंपणाच्या वर गेली. पहारेकऱ्याची फोक कोपऱ्यात वाळत पडली. शेठने माझ्या पाठीवर थाप मारली, मला देखरेखीवर नेमलं, बसायला खुर्ची दिली.

मला मजा आली. हे लिहायला सगळ्यात जड जातंय, म्हणून लिहूनच टाकतो. भीती होती, नोकरीची गरज होती — तेही खरं. पण मजा आली. एक वाक्य इकडे टाकायचं, एक तिकडे, आणि चार पावलं मागे सरून बघायचं. काम मंदावलं की नवीन काहीतरी. देवजी तुझ्या आईला असं म्हणाला. रूपजी तुझ्या हातांना बायकी म्हणतो. कुणाला काय झोंबेल ते मला आपोआप सुचायचं. देवाने मला एवढीच एक अक्कल दिली होती आणि ती मी अशी वापरली.

मग मारामाऱ्या सुरू झाल्या. आधी पाण्याच्या पिंपापाशी धक्काबुक्की. मग एकाने दुसऱ्याच्या तोंडावर तारेची गुंडाळी हाणली, ओठ फाटून दात दिसायला लागले. आंब्याखाली आता दोन चुली पेटायच्या, एकमेकींकडे पाठ करून. पूर्वी एक शिस्त होती — कामाला लागण्याआधी प्रत्येकाने कमरेचा कोयता काढून आंब्याला टांगायचा, कारण दांड्याशी काम करताना पातं लागायचं. आता कोयते कमरेलाच राहायला लागले. ते थांबवणं माझं काम होतं. मी पाहिलं, आणि गाठी मोजत राहिलो.

मार सगळ्यात जास्त कुणी खाल्ला? लखमीने. ती गवत ओढायचं दाताळं चालवायची, देवजीच्याच पेटीवर. शरीराने लहानखुरी, पण दिवसभर गात काम करायची. तिचं गाणं बंद झालं होतं. एका सकाळी ती ओट्यापाशी आली. एक डोळा सुजून मिटलेला, खांद्यावर दाताळ्याच्या दांड्याचे वळ, जांभळे, एकावर एक. देवजीने मारलं होतं — जा तुज्या भावाकडे, तो तुला दुसऱ्याला देणार हाय ना, असं म्हणत. मला दिलेला शब्द त्याने फक्त तिच्यापाशी मोडला होता. ती जमिनीवर उकिडवी बसली आणि चांगल्या डोळ्याने माझ्याकडे बघत म्हणाली,

"मास्तर, तू खरा सांग. माजा भाऊस असा बोलला काय?"

एक शब्द. नाही. तेवढाच लागणार होता. ती उठून दोन्ही पेट्यांवर गेली असती, दोघांना एकमेकांसमोर उभं केलं असतं, आणि मग? मग सगळ्यांनी मिळून मला बडवलं असतं, फार तर. मी तिच्याकडे बघितलं. तिच्या मागे रुळांवर रिकाम्या वॅगनी उभ्या होत्या, त्या संध्याकाळपर्यंत भरायच्या होत्या. मी त्या वॅगनींकडे बघून म्हणालो, हो. बोलला.

ती उठली. मग दाताळं उचलून कामाला गेली.

त्याच दिवशी दुपारी रूपजीने तिचा डोळा पाहिला. सकाळभर तो दूरच्या गंजीवर होता. पाणी प्यायला आला, समोर लखमी. तो काही बोलायला गेला. ती त्याच्या पायाशी थुंकली आणि निघून गेली. तो तिथे उभा. मी ओट्यावर खुर्चीत बसून सगळं बघत होतो. त्याने हात मागे नेऊन कोयता काढला तेही बघितलं. तो वळला आणि देवजीच्या पेटीकडे चालायला लागला. धावत नव्हता. साधा चालत होता. आवार मोठं होतं. मला ओरडायला भरपूर वेळ होता. खोटं आहे ते, मी सांगितलेलं खोटं आहे — एवढं ओरडायला कितीसा वेळ लागतो?

मी खुर्चीतून उठलो आणि गाठींच्या चळतीमागे गेलो.

फटीतून दिसत होतं. देवजी पेटीत एकटा होता, खाली मान घालून तुडवत होता. दुसरा गडी नुकताच वर चढून बाहेर आला होता. रूपजीने देवजीकडे बघितलंही नाही. त्याने दांडा वर धरून ठेवणाऱ्या दोरावर कोयता घातला. झाकण खाली आलं. तो आवाज मी सांगू शकत नाही, आणि आतून जो आवाज आला तोही. मग रूपजीने कोयता फेकला आणि उडी मारून दांड्याला लटकला. एकट्याने. चार गड्यांचं काम. मला वाटलं, आता त्याची माणसं धावतील, त्याला ओढून काढतील. धावली. दोघं धावत आले — आणि दांड्याला लटकले. त्याच्या बाजूने. ओरडत, रोज गाठ दाबताना ओरडत तसे. देवजीच्या माणसांनी त्यांच्यावर कोयते चालवले, एकाचा खांदा उघडा पडला, एकाची बोटं तुटून गवतात पडली, तरी दांडा सुटेना. फळ्यांच्या फटींतून रक्त यायला लागलं आणि गवताने ते पिऊन टाकलं. शेवटी दांडाच मोडला.

लखमीने बाजूची फळी काढली. मला तिचा चेहरा दिसला नाही. दिसला असता तरी मी बघितला नसता.

पोलीस आले. जमलेल्यांतला कुणी म्हणाला, कुऱ्हाडीचा दांडा गोताला काळ. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. जबाबात मी सांगितलं, यांचं घरातलं भांडण होतं, कामाशी संबंध नाही. शेठला ते आवडलं. पुढे काही महिन्यांनी खटला उभा राहिला, साक्षीला मला बोलावलं. रूपजी पिंजऱ्यात, पार सुकलेला. का मारलंस, असं विचारलं तेव्हा तो म्हणाला, माजे बहिणीला तो वाईट बोलला. कुणी ऐकलं? तो माझ्याकडे वळला. त्याच्या डोळ्यांत काय होतं सांगू? भरवसा. इतके दिवस कोठडीत मार खाऊनही त्याने माझं नाव घेतलं नव्हतं, आणि आता पहिल्यांदाच शब्द मोडत होता, त्याची त्यालाच लाज वाटत होती. "मास्तरला इचारा," तो म्हणाला. "त्याला ठावा हाय."

मला विचारलं. मी म्हणालो, मला काही ठाऊक नाही.

तो तुरुंगातच वारला, काही वर्षांनी. त्याला भेटायला कुणी गेलं नव्हतं. बहीण तर नाहीच. ती लोकांना सांगायची म्हणे, मला भाऊ नव्हता. हे माझ्या कानावर आलं तेव्हा मी दुसऱ्या नोकरीत चांगला स्थिरावलो होतो. तिचा पाडा मला माहीत होता. बस जात होती. मी गेलो नाही. पुढे तीही गेली, असं कळलं.

आता तिच्याकडे येतो. मघाशी म्हटलं होतं, शेवटी येईन.

देवजीचे दिवस घातले तेव्हा मी गेलो होतो. शेठने पाठवलं होतं, वखारीतर्फे कुणी दिसावं म्हणून. पाड्यावर देवजीची सगळी टोळी जमली होती, मारामारीत लागलेल्या एकाचा हात गळ्यात बांधलेला. अंगणात ती कणगी होती, लिंपण फोडलेली. लग्नासाठी ठेवलेला तांदूळ त्यांनी दिवसांच्या जेवणाला काढला होता. दुसरा होता कुठे? लखमी स्वतः वाढत होती. डोळ्याची सूज उतरली होती, खालचं हिरवं-पिवळं राहिलं होतं. ती माझ्यापाशी आली. मला वाटलं, हिला कळलंय. आता पानावर थुंकेल, आता ओरडेल. मी खरंच सांगतो, मला तसं व्हावंसं वाटत होतं. ती वाकली आणि माझ्या पानावर इतरांपेक्षा जास्त भात घातला.

"जेव मास्तर," ती म्हणाली. "माजेशी तू एकलाच खरा बोललास."

मी खाली मान घालून जेवलो. जाडा, लालसर भात, उखळात नुकत्याच सडलेल्या तांदळाचा, गोड लागत होता. पान रिकामं झालं तेव्हा ती पुन्हा समोर उभी होती. तिने विचारलं, "आजून वाढू?"

मी हो म्हणालो.